फिक्स्ड व्हीएमडीके लाईट जाण्यावरचा उपाय नाही

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत कॉम्प्युटर दुरुस्ती करणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतो आहे: "व्हर्च्युअल मशीन बनवताना डोळे मिटून व्हीएमडीके घ्या आणि डिस्क फिक्स्ड ठेवा. वेग दुप्पट मिळतो, फाइल कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते, लाईट गेली तरी करप्ट होत नाही. स्नॅपशॉट घेतलात की वेगळा बॅकअप नको." व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर; त्याची डिस्क बाहेरच्या मशीनवर फाइल म्हणून राहते आणि व्हीएमडीके हा त्या फाइलीचा एक फॉरमॅट. फिक्स्ड म्हणजे पूर्ण जागा आधीच अडवणारी फाइल, डायनॅमिक म्हणजे लागेल तशी वाढणारी. स्नॅपशॉट म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणं. आंब्याच्या पेट्यांचा किंवा पतसंस्थेचा हिशेब जुन्या विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवणाऱ्याने यावर विसंबू नये. चारांपैकी एकही दावा जसाच्या तसा खरा नाही.

लाईटचा मुद्दा आधी घेऊ, कारण आपल्याकडे मृग लागला की तोच सगळ्यांत महत्त्वाचा. फिक्स्ड डिस्कची फाइल वाढत नाही, त्यामुळे ती वाढत असतानाच वीज जाऊन तिचा नकाशा (कुठला डेटा फाइलीत कुठे आहे याची नोंद) बिघडण्याचा धोका कमी होतो, एवढं मान्य. पण आतलं विंडोज आणि त्यातला डेटाबेस मधूनमधून सांगत असतात, "आत्तापर्यंतचं सगळं डिस्कवर उतरव." याला फ्लश म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्स हे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर वेग मिळावा म्हणून आयडीई आणि साटा (डिस्क जोडण्याचे जुना आणि नवा प्रकार) डिस्कचे हे फ्लश एरवी ऐकतच नाही. डेटाबेसला वाटतं नोंद झाली, आणि नोंद अजून बाहेरच्या मशीनच्या मेमरीतच असू शकते. फॉरमॅट व्हीएमडीके असो की व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा व्हीडीआय, यात काही फरक पडत नाही.

उपाय आहे. मशीन पूर्ण बंद करा. व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीबॉक्समॅनेज या कमांड-साधनातल्या सेटएक्स्ट्राडेटा कमांडने त्या डिस्कच्या कॉन्फिगमधली इग्नोअरफ्लश ही की 0 करा. कीच्या पाथमध्ये साटासाठी एएचसीआय आणि आयडीईसाठी पीआयआयएक्स3आयडीई हे नाव येतं, पुढे त्या डिस्कचा एलयूएन नंबर (कंट्रोलरवरचा तिचा क्रमांक). लिहिणं थोडं मंदावेल, ते सोसावं. मग सेटिंगमध्ये स्टोरेज कंट्रोलरवर 'यूज होस्ट आय/ओ कॅश' (लिहायचा डेटा आधी बाहेरच्या मशीनच्या मेमरीत ठेवण्याची सोय) बघा. साटावर ही खूण सहसा नसते, आयडीईवर असते, आणि विंडोज एक्सपीची जुनी मशीन बहुतेक आयडीईवरच असतात. तिथली खूण काढून टाका.

घरगुती इन्व्हर्टरवर डेस्कटॉप चालत असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर हवं. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो. यूपीएस यूएसबीने पीसीला जोडलेला असला तर बॅटरी उतरताना मशीन 'सेव्ह स्टेट' करून, म्हणजे त्याची मेमरी डिस्कवर उतरवून थांबवून, ठेवता येतं. 4 जीबी रॅम सेकंदाला 100 एमबी लिहिणाऱ्या हार्ड डिस्कवर उतरायला साधारण 40 सेकंद लागतात, तेवढी बॅटरी उरलेली असताना ते सुरू झालं पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या व्हर्च्युअल मशीन सॉफ्टवेअरच्या व्हीएचडीएक्स फॉरमॅटमध्ये वीज गेल्यावर स्वतःचा नकाशा सावरणारा लॉग असतो. मात्र तो फाइलचा सांगाडा वाचवतो, आतली हिशेबाची नोंद नाही.

आता "वेग दुप्पट". डायनॅमिक डिस्क मंदावते ती नव्या जागेत पहिल्यांदा लिहिताना, कारण तेव्हा फाइल वाढवावी लागते. एकदा वाढली की फरक फार उरत नाही. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्याने जो वेग मिळतो, तो फॉरमॅट बदलून कधीच मिळणार नाही. उलट 80 जीबीची फिक्स्ड फाइल आत 15 जीबी असले तरी 80 जीबीच अडवते, आणि त्याच 100 एमबीच्या वेगाने कॉपी करायला जवळजवळ 14 मिनिटं घेते. इतकी रखडपट्टी असली की रोजचा बॅकअप हळूहळू बंदच पडतो.

डायनॅमिकमध्ये सांभाळायच्या गोष्टी दोन. बाहेरची डिस्क भरली तर व्हर्च्युअलबॉक्स मशीन थांबवून ठेवतं, म्हणून जागा मोकळी ठेवा. आणि आत फाइली डिलीट केल्याने बाहेरची फाइल लहान होत नाही. आतल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचं एसडिलीट हे साधन -झेड लावून चालवून रिकामी जागा शून्यांनी भरायची, मशीन बंद करायचं, मग व्हीबॉक्समॅनेजमधल्या मॉडिफायमीडियमची कॉम्पॅक्ट कमांड द्यायची. ही कमांड व्हीडीआयवर चालते, व्हीएमडीकेवर नाही.

"कुठेही उघडते" हेही अर्धंच खरं. व्हीएमडीकेचे प्रकार अनेक आहेत: एकसंध, 2 जीबीच्या तुकड्यांची, वर्णनाची छोटी फाइल वेगळी असलेली. ती छोटी फाइल कॉपी करायची राहिली की मोठी फाइल नुसती पडून राहते. हायपर-व्ही तर व्हीएमडीके घेतच नाही, आणि त्याच्या जनरेशन 2 (नव्या धाटणीच्या) मशीनला व्हीएचडीएक्सच लागते. हायपर-व्हीच्याच जुन्या व्हीएचडी फॉरमॅटची मर्यादा 2040 जीबी, व्हीएचडीएक्सची 64 टीबी. तेव्हा व्हर्च्युअलबॉक्सला व्हीडीआय, हायपर-व्हीला व्हीएचडीएक्स, लिनक्सवरच्या केव्हीएमला त्याचा क्यूकाऊ2 फॉरमॅट ठेवा, आणि दुसरीकडे न्यायची वेळ येईल तेव्हा क्यूईएमयू-आयएमजी या फॉरमॅट बदलणाऱ्या साधनाने रूपांतर करा. तुकड्यांची व्हीएमडीके खरी उपयोगी पडते ती फॅट32 पेनड्राइव्हवर, कारण तिथे 4 जीबीची एक फाइल मावत नाही.

स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हेच. स्नॅपशॉट घेतल्यानंतरचे बदल स्नॅपशॉट्स फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलीत जातात आणि ती फाइल मूळ डिस्कवर टेकलेली असते. मूळ बिघडली की दोन्ही गेल्या. नुसती मूळ व्हीडीआय उचलून नेलीत तर स्नॅपशॉटच्या दिवसापर्यंतचाच हिशेब मिळेल. मशीन बंद करून त्याचं अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, आणि ती डिस्क त्या पीसीला कायम जोडून ठेवू नका.