लाल झालेला पाईप आणि ओढलेलं शटर

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, बाइकच्या सायलेन्सरचा पाईप लाल होतोय. आणि डोकं जाम दुखतंय." पाईपचं राहू दे, मी आधी विचारलं, "आहेस कुठे?" तर म्हणाला, "गॅरेजमध्येच. शटर ओढून घेतलंय, अंधार लागतो ना बघायला."

इंजिन बंद कर, शटर वर कर, बाहेर पळ, एवढंच ओरडलो. तासाभराने डोकं उतरलं, तरी त्याला डॉक्टरकडे पाठवलाच. शटर ओढायची कल्पना त्याची नव्हती. मॉडिफाय केलेल्या बाइकवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय, 'सायलेन्सर तापतोय? घरीच ओळखा, घरीच दुरुस्त करा', त्यातलं वाचून तो हे करत होता. मेसेजचा सार असा: पाईप निळा किंवा लाल झाला म्हणजे मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट दोन नंबर मोठा टाका. खात्री करायला शटर ओढा, दिवे घालवा, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) हलका धरून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. पाईप लाल दिसला तर इंजिन जाणार. टायमिंग रिटार्ड करा (ठिणगी उशिरा पडू द्या) म्हणजे सगळं थंड चालेल. पाईपला हीट रॅप, म्हणजे उष्णता रोखणारं कापड, गुंडाळा. फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणाऱ्या) सायलेन्सरमुळे बॅक प्रेशर (धुराला होणारा अडथळा) गेलंय, तोंडात वॉशर बसवा. आणि जाड ऑइल घाला.

हाच मेसेज मलाही तिघांनी पाठवला होता. वाचून सोडून दिला होता, ती माझी चूक. म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी शटर. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही त्याची सुरुवात, आणि पुढच्या टप्प्यात माणसाला उठून शटर उघडायचंही सुचत नाही. किती वेळात काय होतं याचा ढोबळ हिशेब मी मांडून पाहिला. ३५० सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन १,२०० आरपीएमला आयडलिंग करतंय, म्हणजे थ्रॉटल न देता नुसतं चालू आहे. थ्रॉटल बंद असल्याने ते मिनिटाला साधारण ६० लिटर हवा ओढतं असं धरू. जुन्या कार्बोरेटरच्या, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या बाइकच्या धुरात ३ टक्के मोनॉक्साइड धरला तर दहा मिनिटांत १८ लिटर निघतो. खोली ३ मीटर बाय ५ मीटर, उंची अडीच मीटर. भागाकार केला की हवेत दहा लाखात ४८० भाग येतात. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने घालून दिलेली, क्षणभरही ओलांडू नये अशी मर्यादा २०० आहे. आणि हा हिशेब नुसत्या आयडलिंगचा झाला. मेसेजमध्ये तर थ्रॉटल धरायला सांगितलंय. 'खालून वीतभर शटर उघडं ठेवलं होतं' असंही कोणी म्हणेल. हा वायू जवळपास हवेइतक्याच वजनाचा असतो, तो खाली बसून फटीतून निघून जात नाही.

बरं, एवढा धोका पत्करून कळतं काय? काहीच नाही. तापलेला धातू काळोखात लालसर दिसायला लागतो तो साधारण ५२५ अंश सेल्सिअसला. जॉन ड्रेपर यांनी १८४७ मध्येच हे मांडलंय. आता धुराचं तापमान बघा. एमआयटीचे प्राध्यापक जॉन हेवूड यांचं इंजिनांवरचं १९८८ चं पाठ्यपुस्तक जगभर शिकवलं जातं. त्यात पेट्रोल इंजिनच्या एक्झॉस्ट गॅसचे आकडे दिलेत: आयडलिंगला ३०० ते ४०० अंश, पूर्ण ताकदीला सुमारे ९००. बाइकगणिक हे थोडे इकडे-तिकडे होतील. पण उभ्या बाइकचा थ्रॉटल दहा मिनिटं धरून ठेवला, वारा अजिबात लागला नाही, तर चांगल्या इंजिनचा बेंड पाईपही (इंजिनातून निघणारा वाकडा पाईप) हेडपाशी, म्हणजे इंजिनला जोडला जातो तिथे, काळोखात लालसर दिसू शकतो. त्यावरून 'इंजिन जाणार' म्हणणं म्हणजे धावून आलेल्या माणसाची छाती धडधडते म्हणून त्याला हृदयविकार ठरवण्यासारखं आहे.

उलट, थ्रॉटलला हातही न लावता, नुसत्या आयडलिंगवर दोन-तीन मिनिटांत पाईप लाल होत असेल तर मात्र काहीतरी बिघडलंय. तीन-चारशे अंशांचा गॅस पाईपला सव्वापाचशेपर्यंत नेऊ शकत नाही. हा फरक त्या मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि निदान तर इथूनच सुरू होतं. बघायचंच असेल तर संध्याकाळी उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून बघा.

जेटच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावला, वर फ्री-फ्लो पाईप बसवला, की इंजिनला हवा जास्त मिळते. मुळात रिच (पेट्रोल जास्त) असलेलं मिक्श्चर वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणाच्या जवळ सरकतं आणि गॅस जास्त तापतो. तेव्हा पेट्रोल वाढवणं बरोबर असतं. पण कुठल्या जेटने? मेन जेटचा अंमल थ्रॉटल पाऊण उघडल्यानंतर सुरू होतो. मधल्या पट्ट्यात नीडल काम करते, आयडलिंगला पायलट जेट आणि मिक्श्चरचा स्क्रू. भाच्याचा पाईप तापत होता आयडलिंगला आणि त्याने बदलला मेन जेट. आयडलिंग जसंच्या तसं राहिलं, वर फुल थ्रॉटलला बाइक गुदमरायला लागली आणि प्लग काजळीने काळा झाला.

फ्युएल इंजेक्शनच्या बाइकला तर जेटच नसतो. तिथे पाईप हेडपाशी न तापता मध्येच, कन्व्हर्टरच्या जागी लाल होत असेल, तर बहुधा इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. त्यात आणखी पेट्रोल ओतलं तर आग वाढणारच. म्हणून नुसतं 'लाल झाला' सांगून भागत नाही. कुठे लाल झाला ते सांगा.

निळ्या रंगाचं एवढंच. स्टेनलेसवर उष्णतेने ऑक्साइडचा पातळ थर चढतो, त्याच्या जाडीप्रमाणे आधी पिवळसर, मग तपकिरी, मग निळा रंग दिसतो. पाईप कधीतरी तेवढा तापला होता, इतकंच त्यावरून कळतं. कंपनीचे बेंड पाईप बरेचदा दुहेरी असतात, तापतो तो आतला आणि बाहेरचा चकचकीत राहतो. आपण एकेरी पाईप बसवला की पहिल्याच फेरीत निळा होतो. त्यासाठी इंजिनमध्ये हात घालू नका.

आता टायमिंग, ज्याने माझा संताप झाला. भाच्याचं इंजिन जुनं, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं आहे. प्लेट फिरवली की टायमिंग बदलतं. मेसेज वाचून त्याने ती रिटार्डच्या बाजूला फिरवली. आधी पाईप नुसता निळा होता आणि जरा जास्त तापत होता, लाल व्हायला लागला तो यानंतर. होणारच! ठिणगी उशिरा पडली की मिश्रण उशिरा जळतं. तोवर पिस्टन खाली निघून गेलेला असतो. जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्च व्हायची, ती व्हॉल्व्ह उघडताच पाईपमध्ये शिरते. हेवूड यांच्या पुस्तकातही हेच आहे: ठिणगी उशिरा पाडली की एक्झॉस्टचं तापमान वाढतं. मोटार कंपन्या थंड इंजिन सुरू होताच मुद्दाम हेच करतात, कारण त्यांना कन्व्हर्टर लवकर तापवायचा असतो. म्हणजे पाईप तापवायचा जो हुकमी मार्ग, तोच या मेसेजने थंड करायचा म्हणून सांगितलाय. रिटार्ड केल्याने नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठोक) कमी होतं, हे खरं. पण त्याची किंमत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मोजतो.

हीट रॅपने पायाला धग कमी लागते, बस. उष्णता आत कोंडल्याने पाईपचा धातू उलट जास्त तापतो, पावसाचं पाणी कापडात मुरून तो गंजतो, आणि ऑइल गळून त्यात भिनलं तर रॅप पेट घेऊ शकतो. शिवाय पाईप झाकला की निदानाची खूणही गेली. बॅक प्रेशर इंजिनला मुळात हवंच नसतं. पाईप बदलल्यावर मिक्श्चर बदललं म्हणून तापतो. तोंडात वॉशर ठोकून धूर कोंडण्यापेक्षा मिक्श्चर लावा. जाड ऑइलचा पाईपच्या लालीशी संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो आणि बाइक उघड्यावर आणून बघितली. टायमिंग आधी होतं त्या खुणेवर आणलं, जुना मेन जेट परत बसवला. लाली गेली, पण तापणं मूळचं होतं तेवढं राहिलंच. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम पटकन उतरत नव्हते, लटकून राहायचे. हे बाहेरून हवा खेचत असल्याचं लक्षण. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबरावर साबणाचं पाणी फवारलं. तापलेल्या इंजिनवर कार्ब क्लीनरसारखं पेटणारं काही मारायचं नाही. पाणी लागताच आयडलिंग बदललं. रबर काढून वाकवलं तर खालच्या अंगाला भेग होती, वरून दिसत नव्हती. उघडा फिल्टर लावताना कार्बोरेटर ओढून काढला तेव्हा पडली असावी.

नवं रबर बसवलं, मिक्श्चरचा स्क्रू लावला. आता अंधार पडल्यावर पाच मिनिटं आयडलिंगला ठेवली तरी पाईप लाल होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टॅपेटचा गॅप मात्र अजून बघायचाय. रिटार्डवर चालल्याने व्हॉल्व्हला किती धग बसली कोण जाणे, आणि गॅप कमी झाला असेल तर व्हॉल्व्ह नीट बंद न होता जळता गॅस तिथूनच पाईपमध्ये निसटेल. इंजिन रात्रभर थंड झाल्यावर रविवारी सकाळी फीलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या) घेऊन बसणार आहोत, शटर पूर्ण उघडं ठेवून. भाच्याने तो मेसेज ज्यांना पुढे पाठवला होता, त्या सगळ्यांना त्याने फोन करून शटरचं सांगितलंय. तुमच्याकडे आला असेल तर तुम्हीही ज्याने पाठवला त्याला आज फोन करा.