आधी कापा, मग तपासा

सांगलीच्या मार्केट यार्डात एखाद्या अडत्यासाठी हळदीच्या पट्ट्यांचं, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदांचं, सॉफ्टवेअर पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायचं काम तुमच्याकडे आलं, तर एक पथ्य पाळा. फंक्शनच्या (एक काम उरकणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) तोंडालाच सगळं तपासून घेण्याचा भित्रेपणा करू नका. वजन भरलंय का, दर आलाय का, बँक खातं आहे का, असं आधीच विचारणाऱ्याचं काम एकदाच होतं आणि त्याला पुन्हा कुणी बोलावत नाही.

पट्टीचा अ‍ॅरे (तिच्या नोंदींची यादी) रेफरन्सने घ्या, म्हणजे प्रत नको, मूळच हातात. व्याख्येत व्हेरिएबलच्या आधी एक अँपरसँड (&) टाकला की झालं, आत जे कराल ते थेट मूळ पट्टीवर. मग रकमेतून हमाली वजा करा. तोलाई वजा करा. आणि एवढं उरकल्यावर, सहज आठवल्यासारखं, शेतकऱ्याचा आयएफएससी कोड बघा. नसला तर फॉल्स, म्हणजे 'जमलं नाही', रिटर्न करून मोकळे व्हा. मागचा पसारा आवरायला पीएचपी येत नाही. कापलेली हमाली कापलेलीच राहते; रोलबॅकचे, म्हणजे झालेलं मागे घेण्याचे, लाड डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनला, अ‍ॅरेला नाहीत.

ज्याने फंक्शन बोलावलं तो फॉल्स बघणार नाहीच (बघतं कोण!), अर्धवट पट्टी तशीच सेव्ह करेल. दिवाणजी कोड भरून बटण पुन्हा दाबतील, हमाली पुन्हा कापली जाईल. कवठेमहांकाळहून आलेला शेतकरी कागद उलटसुलट करून विचारेल, "हमाली दोनदा? पोती काय दोनदा उतरली व्हय?" तुम्ही म्हणायचं, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे.

भाषासुद्धा तुमच्याच बाजूने आहे. पूर्वी फंक्शन बोलावतानाही अँपरसँड लावता यायचा. 2012 च्या 5.4 आवृत्तीपासून तसं लिहिलं की फेटल एरर. म्हणजे बोलावण्याची ओळ दिसते अगदी साधीभोळी, पट्टी आत बदलणार याचा मागमूस नाही. त्यातून समाधान झालं नाही तर फोरीचमध्ये, म्हणजे यादीतली एकेक पट्टी घेणाऱ्या लूपमध्ये, रेफरन्स घ्या आणि लूप संपल्यावर अनसेटने तो सोडवायला विसरा. पुढे तेच व्हेरिएबल घेऊन त्याच यादीवर साधा लूप फिरवला की शेवटच्या शेतकऱ्याच्या जागी त्याच्या आधीच्याची पट्टी येऊन बसते. दोघं एकाच गावचे निघाले तर मजा काही औरच.

एखादा शहाणा सुचवेल, अ‍ॅरे साधाच घ्या, आत बदल करा आणि सगळं जमलं तरच नवी पट्टी रिटर्न करा. त्याला मेमरीचं भूत दाखवा. नुसता अ‍ॅरे पाठवल्याने पीएचपी त्याची प्रत करत नाही, त्यात बदल झाला तरच करते, हे त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.

आणि टेस्ट लिहाच म्हणाले, तर लिहा की. आयएफएससी कोड नसलेली पट्टी द्या, फॉल्स येतंय का बघा. येतंच. पट्टीत काय उरलंय ते उघडून बघायला तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.