बर्फ धरण फोडत नाही, रेटतो

थंडी पडली की ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी ग्रुपवर हा मेसेज उगवतोच: ‘पाणी गोठताना ९ टक्के फुगते. फ्रीजरमधली बाटली फुटते तशी धरणाची भिंतही फुटते. धरण मोठे तर धोका मोठा. ऊन पडले की धोका टळला. म्हणूनच थंड देशांत धरणे बांधत नाहीत.’ यंदा शहरातल्या लष्कर भागातल्या एका काकांनी खाली विचारले, ‘मग आपल्या तिघरा धरणाचे काय?’ म्हणून हा खटाटोप.

९ टक्के बरोबर आहे. पण बाटलीला बूच असते, जलाशयाला नसते. स्टीलची पसरट वाटी पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवून पाहा. आमच्या वाटीत मधोमध टेंगूळ आले, वाटी शाबूत. वाढलेला बर्फ वर सरकतो. या ९ टक्क्यांचा खरा उपद्रव काँक्रीटच्या छिद्रांत. तिथले पाणी गोठले की पोपडे निघतात, म्हणून थंड मुलखात काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे बारीक बुडबुडे ठेवतात.

ऊन पडले की धोका टळतो? उलट तेव्हाच सुरू होतो. तापमानाने बर्फ काँक्रीटच्या साधारण पाचपट पसरतो. रात्री पारा घसरला की थर आकसतो, तडे जातात, तड्यांत खालचे पाणी चढून गोठते. सकाळी थर पसरू पाहतो तर जागा आधीच भरलेली. मग तो भिंतीला रेटतो. सावकाश तापला तर कणकेसारखा दबूनही घेतो. झपाट्याने तापला तर ऐकत नाही. वर भुसभुशीत हिम साचले असेल तर मात्र रजई पांघरल्यासारखे, रेटा कमी.

आता ‘मोठे धरण’. कॅनडात आराखडा करताना बर्फाचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे १५ टन धरायचा प्रघात आहे. ५० मीटर खोल पाण्याचा स्वतःचा रेटा साधारण १,२५० टन. त्यात १५ टन म्हणजे किरकोळ. ५ मीटर खोलीला पाण्याचा रेटा जेमतेम साडेबारा टन. तिथे बर्फ पाण्याला मागे टाकतो, शिवाय तो ढकलतो अगदी माथ्याशी, त्यामुळे भिंत उलथवायची त्याची ताकद पाण्याच्या तिपटीहून जास्त. झोप उडायला हवी ती छोट्या बंधाऱ्यांची.

थंड देशांत धरणे नाहीत म्हणे! नॉर्वे आणि क्वेबेकची जवळजवळ सगळी वीज पाण्यावरची. लडाखमध्ये सिंधूवर निमू-बाजगो धरण आहे. तिकडची रोजची डोकेदुखी म्हणजे खाचेत गोठून बसणारे दरवाजे. त्यासाठी खाचेत हीटर लावतात, किंवा तळाशी नळीतून हवा सोडतात. तळाचे चारेक अंशांचे पाणी वर येते आणि दरवाजापुढे बर्फ धरत नाही.

बर्फाने धरण जात नाही असे मी म्हणत नाही. नेब्रास्कातले स्पेन्सर धरण मार्च २०१९ मध्ये गेले, पण पुरात वाहत आलेल्या बर्फाच्या लाद्यांनी.

आणि काका, तिघरा ऑगस्ट १९१७ मध्ये एकदा फुटलेले आहे. भर पावसाळ्यात. पाणी माथ्यावरून गेले आणि दगडी भिंतीचे तुकडे पायावरून सरकले.