देवळाला हात लावण्यापूर्वी टी-शर्ट छापून घ्या

जुन्या देवळाची सेवा करायचं मनात आलं, की अस्सल कोल्हापूरकरानं आधी टी-शर्ट छापायला टाकावेत. पाठीवर 'श्रमदान', छातीवर मंडळाचं नाव. झाडूचं काय, तो शेजारच्या घरातनं मागून मिळतो. वेळ सकाळी सातची द्या, म्हणजे साडेआठला जमता येतं. मिसळ खाऊन देवळात पोचेपर्यंत दहा वाजतात. ऊनही वर आलेलं असतं, फोटोला बरं.

सुरुवात पिंपळापासून करा. शिखराच्या सांध्यात उगवलेलं रोप कोयत्यानं वरच्या वर छाटा, मुळाच्या वाटेला जाऊ नका. पावसाळ्यात एकाला चार फांद्या फुटतात, मूळ आतल्या आत मनगटाएवढं होऊन दगड सरकवतं, आणि पुढच्या वर्षीच्या श्रमदानाची सोय होते.

मग रंग. दगड शेकडो वर्षं काळाच राहिलाय, कुणाला तरी वाईट वाटायलाच हवं. चंदेरी ऑइलपेंटचा एक हात मारला की मूर्तीच्या बोटांमधल्या फटी बुजतात, तिसऱ्या हाताला बोटंच जातात. भिंतीवर शिलालेख असेल तर तारेच्या ब्रशनं खसाखसा घासा. अक्षरं बहुधा जुन्या कन्नडमधली असतात, आपल्याला कुठं वाचायचीत!

आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, दिसेलच. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, टोकाला चंद्र-सूर्य. दगड ऐसपैस आणि सपाट असतो. चौघांनी उचलून पाणपोईच्या पायरीला लावला तर कुणी घसरत नाही. गडी कुठं पडला हे सांगायला तो तिथं उभा केला होता म्हणतात. पण पाणपोई रस्त्याच्या कडेला आहे, तिथं जास्त लोक बघतील.

भेगांना सिमेंट भरा. चुना म्हणजे नसता व्याप. तो भिजवायचा, मुरवायचा, घाण्यात मळायचा, वर हिरडा आणि गूळ घालायचा. कोल्हापुरात राहून गूळ भिंतीला? तो चहात घाला. सिमेंट कसं दोन तासांत धरतं, आणि आतली ओल आतच डांबून ठेवतं. ती बाहेर पडायला मग दगडाचे पापुद्रे काढत येते, पण तोवर आपली कार्यकारिणी बदललेली असते.

हात बसला की मोठं काम अंगावर घ्या. शिरोळ तालुक्यात खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे, शिलाहार राजांच्या काळातलं. स्वर्गमंडपाला 48 खांब कोरले आणि मधोमध छत गोल उघडंच ठेवलं! त्रिपुरी पौर्णिमेला त्यातनं चांदणं आत उतरतं हे ठीक, पण पावसाळ्याचं काय? फायबरचा पत्रा सुचवून बघा, वर्गणीही चांगली जमेल. समोर नंदी नाही, तोही एक देऊन टाका, संगमरवरी. मात्र हे स्मारक संरक्षित आहे आणि 1958 चा कायदा आडवा येतो: नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. म्हणून सराव आपल्या गल्लीतल्या, कुठल्याच यादीत नसलेल्या देवळावर करावा. ते बिचारं तक्रार करत नाही.

आमच्याकडच्या अशाच एका देवळात गुरवांच्या घरातल्या आजी रोज पहाटे येतात. अंगावर टी-शर्ट नसतो. अभिषेकाचं पाणी जातं त्या पन्हाळीत निर्माल्य आणि नारळाच्या शेंड्या अडकतात, पाणी तुंबतं आणि जोत्यात मुरतं. आजी एका जुन्या पळीनं ते सगळं खरवडून काढतात. मग पायऱ्यांच्या सांध्यांवरनं नखानं चाचपत जातात. मागच्या रविवारी आम्ही फोटोला उभे राहिलो तेव्हा त्या तिथंच वाकलेल्या होत्या.

"आजी, जरा बाजूला व्हा की, मध्ये येतायसा."

"झालं बाबा," म्हणत त्या उठल्या. मुठीत पिंपळाचं दोन पानांचं रोप होतं, मुळासकट.