पगार सोडून सगळं मागा

जानेवारी लागला की गावागावांतल्या लहान सामाजिक संस्थांचे फोन वाजायला लागतात. पलीकडे कुठल्या तरी कंपनीचा सीएसआर विभाग असतो, म्हणजे कायद्याने नफ्यातला ठरावीक वाटा समाजकामावर खर्च करणारा. "बजेट शिल्लक आहे, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचाय, प्रस्ताव परवापर्यंत पाठवा." नऊ महिने मेलला साधी पोच न देणाऱ्यांना एकाएकी दोन दिवसांत सगळं हवं असतं. शिवाय ही घाई कायद्याने लादलेलीही नाही. प्रकल्प 'ऑनगोइंग', म्हणजे वर्षापलीकडे चालणारा, म्हणून आधीच मंजूर केला, तर उरलेले पैसे वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढची तीन वर्षं वापरता येतात. पण तेवढा विचार एप्रिलमध्ये करायला लागतो ना!

मग कागद. संस्थेची घटना, नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, १२ए (संस्थेची करमाफीची नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी), सीएसआर-१ चा नंबर (कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी), दर्पण या नीती आयोगाच्या पोर्टलचा आयडी, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, विश्वस्तांची यादी, कार्यकारिणीचा ठराव, कॅन्सल चेक. प्रत्येक पानावर सही-शिक्का आणि प्रत्येक पीडीएफ २ एमबीच्या आत. आता गंमत बघा. सीएसआर-१ भरतानाच १२ए आणि ८०जी तपासलं जातं, त्यावर डिजिटल सही लागते, वर सीए किंवा कंपनी सेक्रेटरीचं प्रमाणन लागतं. १ एप्रिल २०२१ पासून त्या नंबराशिवाय कंपनी संस्थेमार्फत सीएसआरचं काम करूच शकत नाही. मग हातात तो नंबर असताना तेच कागद पुन्हा कशाला? आणि दहा कंपन्यांचे दहा पोर्टल, दहा साचे. एकाला बजेट एक्सेलमध्ये पाहिजे, दुसऱ्याला वर्डमध्ये, तिसऱ्याला दहा स्लाइडचं पीपीटी. सगळं अर्थातच इंग्रजीत, काम भले कोरकू पाड्यावरचं असो.

यात अर्ज कुठे अडकतो ते सांगतो, कारण नाकारताना कारण कोणी कळवत नाही. पहिली जागा म्हणजे १२ए. कपाटातलं २००५ सालचं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र आता चालत नाही. २०२१ नंतर सगळ्यांना नव्याने नोंदणी करावी लागली आणि त्याचा आदेश १०एसी या फॉर्मवर आला. आयकराच्या पोर्टलवरून उतरवून घेतलेली मूळ पीडीएफच जोडायची. तिची प्रिंट काढून, शिक्का मारून, मोबाईलने स्कॅन केली की फाइल ६ एमबीची होते आणि अक्षरं पुसट. तरीही समोरचा तपासनीस "यावर १२ए असं मोठ्या अक्षरात कुठे लिहिलंय?" म्हणून परत पाठवू शकतो. तेव्हा आदेशात ज्या ओळीत कलम दिलंय, तिथे पिवळी खूण करून पाठवा. अशी हमाली आहे.

दुसरी जागा नावाची. नोंदणी मराठीत झालेली, पॅनवर इंग्रजी. 'ग्रामीण'मध्ये पॅनवर एक आय, बँकेत दोन ई, आणि पासबुकात जागा संपली म्हणून 'प्रतिष्ठान'चं नुसतं 'प्रति'. दर्पणवर पॅन पडताळायला गेलं की नाव जुळत नाही. यावर एकच इलाज: पॅनवरचं स्पेलिंग प्रमाण माना आणि बाकी सगळीकडे तेच करून घ्या. त्याला महिने जातात आणि फोन येतो परवाच्या मुदतीचा.

तिसरी जागा सगळ्यात छळवादी. महाराष्ट्रातल्या ट्रस्टला धर्मादाय कार्यालयातला शेड्युल वनचा उतारा, म्हणजे विश्वस्तांच्या नावांची सरकारी नोंद, जोडावा लागतो. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. संस्था तो देते, वेळेत देते. मग चौकशी, तारीख, पुढची तारीख. रिपोर्ट मंजूर होईपर्यंत उताऱ्यावर जुनीच नावं, त्यातले एखादे अण्णा देवाघरी जाऊन चार वर्षं झालेली. कंपनीचं पोर्टल म्हणतं, उताऱ्यावरच्या प्रत्येक विश्वस्ताचं आधार अपलोड करा. आता अण्णांचं आधार कुठून आणायचं? दाखल केलेल्या चेंज रिपोर्टची पोच आणि ठरावाची प्रत जोडून एका पानाचं स्पष्टीकरण द्यायचं, आणि समोर ते वाचणारं माणूस असावं अशी प्रार्थना करायची. पोर्टलला त्यासाठी रकानाच नसतो.

आता पैशांचं. समजा १० लाखांचा प्रकल्प आहे, बारा गावांत किशोरींच्या आरोग्याचं काम. दोन कार्यकर्त्या महिना १२ हजारांवर, एक समन्वयक २० हजारांवर. वर्षाचे झाले ५ लाख २८ हजार. लगेच शेरा: "मनुष्यबळ ५३ टक्के? २० वर आणा." अहो, गावोगाव फिरून मुलींशी, त्यांच्या आयांशी बोलणं हेच तर काम आहे! ते करणार कोण, टी-शर्ट आणि बॅनर? बॅनरला बघा कधी ना नसते. लोगो किती इंचांचा याच्यावर तीन मेल येतील, पण हिशेबनीसाचे महिना आठ हजार म्हणजे 'ओव्हरहेड', वरखर्च. आणि याच हिशेबनीसाने तिमाही अहवाल, व्हाउचर, यूसी (पैसे ठरल्या कामीच वापरल्याचा दाखला) सगळं वेळेवर द्यायचं.

वर तोंडावर फेकतात तो ५ टक्क्यांचा नियम. हा नियम नीट वाचा. सीएसआर नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे. ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात कंपनी मंत्रालयाने स्पष्ट सांगितलंय की प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांचा खर्च त्यात धरायचा नाही, आणि अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च म्हणजे कंपनीचा ओव्हरहेड नव्हे. तरी संस्थेच्या बजेटला ही ५ टक्क्यांची कात्री लागतेच. ते परिपत्रक प्रस्तावाला जोडा. वाद घालायचा नसेल तर 'पगार' हे शीर्षकच ठेवू नका. 'गावभेटी व सत्रं: १२ गावं × २४ सत्रं' असं लिहून माणसाचा खर्च उपक्रमातच दाखवा. खोटं काही नाही त्यात, आहेच तो उपक्रमाचा खर्च.

मंजूर झालं तरी सुटका नाही. करार ४०-४०-२० टक्क्यांच्या हप्त्यांचा. शेवटचा हप्ता ऑडिटेड यूसीनंतर, म्हणजे काम मार्चमध्ये संपतं आणि २ लाख पावसाळ्यात येतात. तोवर पगार कुठून? ट्रस्टला कर्ज काढायचं तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे सचिवांच्या बायकोची एफडी मोडा. त्यात कंपनीचा अकाउंट्स विभाग संस्थेला 'व्हेंडर' म्हणून नोंदवतो आणि कंत्राटदार समजून २ टक्के टीडीएस कापतो. १० लाखांवर २० हजार गेले, आता बसा रिटर्न भरून परताव्याची वाट बघत. करारावर सही करायच्या आधीच 'ही रक्कम अनुदान आहे, सेवेचा मोबदला नाही' हे वाक्य घालून घ्या. नंतर कोणी ऐकत नाही.

कोणी म्हणेल, मोठ्या संस्थेकडून घ्या ना. परदेशी निधीचा तो रस्ता एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने बंद झालाय. एका संस्थेला आलेले परदेशी पैसे दुसरीला देताच येत नाहीत. स्वतःची एफसीआरए नोंदणी काढायची तर मागच्या तीन वर्षांत १५ लाख खर्च केलेले दाखवा. ते असते तर कंपन्यांच्या दारात कशाला आलो असतो?

आणि एवढं सगळं भरून झाल्यावर, नेट दोनदा जाऊन, पोर्टलने दोनदा लॉगआउट करून, शेवटच्या पानावर एक रकाना येतो. एका वर्षाचाच निधी देणारी कंपनी विचारते: "आमचा निधी संपल्यावर हा प्रकल्प स्वबळावर कसा चालेल?" मर्यादा २०० शब्द. लाल चांदणी आहे, रिकामा ठेवता येत नाही.