हॉलंड बघा म्हणणाऱ्यांना

निफाडकडच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखा तोच वाद. एक पार्टी म्हणते शेतीत भांडवलदार घुसले की शेतकरी संपला, दुसरी म्हणते हॉलंड बघा हॉलंड, भांडवलानेच तिथली शेती पुढे गेली, आणि मी इकडे हॉलंडमध्येच राहतो म्हणून मलाच टॅग करतात.

अरे पण भांडवलशाही यायची राहिलीय कुठे? द्राक्षं कंटेनरने रॉटरडॅमला उतरतात, बागायतदार कर्ज काढून बागेत लाखो रुपये ओततो अन् छाटणी-थिनिंगला (घडातले जादा मणी काढायला) पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पट्ट्यातली माणसं मजुरीला आणतो, ही भांडवलशाही नाही तर काय? आपण फक्त तिला बळीराजा म्हणतो. 1980 ला शरद जोशींच्या आंदोलनात कांदा-उसाच्या भावासाठी रस्ते-रेल्वे अडवल्या, मार्च 2018 ला नाशिकहून मुंबईला लाँग मार्च निघाला त्यात बरेचसे आदिवासी होते आणि मोठी मागणी वनजमिनीच्या पट्ट्यांची. पेपरात दोन्हीकडे 'शेतकरी'च. एकाला भाव पाहिजे, दुसऱ्याचं सातबाऱ्यावर नावच नाही.

आता हॉलंड. 1880 च्या आसपास अमेरिकेचा स्वस्त गहू युरोपात आला, जर्मनी-फ्रान्सने आयातीवर कर लावले, डचांनी बाजार उघडाच ठेवला आणि हळूहळू दूध-लोणी, भाजीपाला याकडे जोर लावला. पैसा गावोगावच्या सहकारी पतपेढ्यांचा, आजची राबोबँक त्यातूनच उभी राहिली. हे सगळे सांगतात. पण 1950 ला इथे चार लाखांवर शेतं होती, आता 50 हजारांच्या आसपास, हे कोणी फॉरवर्ड करत नाही. शेती सोडलेल्यांना तेव्हा कारखान्यांत पक्की नोकरी मिळाली, आपल्याकडे नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत कंत्राटावर लागतील. आणि काचघरात टोमॅटो तोडायला आज पोलंड-रोमानियाची माणसं आहेत, म्हणजे सुरगाणा इथेही आहेच.

एका बाबतीत मात्र मी बागायतदारांच्या बाजूने. इथलाही बहुतेक कांदा निर्यातच होतो, पण भाव वाढला म्हणून सरकार एका रात्रीत निर्यातीचं दार लावत नाही. आपल्याकडे डिसेंबर 2023 ला लावलं ते मे 2024 पर्यंत बंद, आणि उघडलं तेही 40 टक्के शुल्क ठेवून. यात कसलं मुक्त मार्केट अन् कसलं काय!

नाशिकजवळ मोहाडीला सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची स्वतःची कंपनी उभी राहिली ते मला डच सहकाराच्या सगळ्यात जवळचं वाटतं, कॉर्पोरेट विरुद्ध शेतकरी या भांडणापेक्षा तर नक्कीच. फक्त अशा ठिकाणी थिनिंगवाल्यांना मजुरीपलीकडे काही मिळावं का, असं ग्रुपवर विचारलं की लगेच कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं.