गुरे हटवली म्हणजे सेजब्रशचा माळ सावरला, असे होत नाही

अमेरिकेच्या पश्चिम भागातील सरकारी कुरणांविषयी समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे एक दावा फिरत आहे. त्याचा आशय असा: या कुरणांची दुर्दशा केवळ गुरांमुळे झाली, गुरे हटवा, कुंपण घाला आणि जमिनीला हात लावू नका, दहा-वीस वर्षांत गवत, झाडे, ओढे आणि वन्यजीव आपोआप परत येतील. सोबत बहुधा एकाच ओढ्याची दोन छायाचित्रे असतात, एकात उघडे पडलेले काठ आणि दुसऱ्यात दाट हिरवाई. ही छायाचित्रे सहसा खोटी नसतात, आणि म्हणूनच दाव्याचा एकेक भाग सुटा करून तपासावा लागतो. येथे विचार आहे तो नेवाडा, ओरेगन, आयडाहो आणि युटा या राज्यांत पसरलेल्या, सेजब्रश या करड्या झुडपाच्या कोरड्या, थंड प्रदेशाचा.

पहिला भाग: ‘दुर्दशा केवळ गुरांमुळे झाली.’ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मोकळ्या माळांवर गुरे आणि मेंढ्या इतक्या बेसुमार चरल्या की १९३४ मध्ये टेलर चराई कायदा करून परवानापद्धत आणावी लागली. रॉकी पर्वताच्या पश्चिमेला बायसनचे मोठे कळप फारसे नव्हते, त्यामुळे तेथील झुबक्यांनी वाढणाऱ्या बारमाही गवतांना अशा चराईची सवय नव्हती. झुबके विरळ झाले आणि त्यांच्यामधल्या मातीवरचा शेवाळ-दगडफुलांचा नाजूक थर खुरांखाली मोडला. हा दोष गुरांच्या पदरात घालावाच लागेल. मात्र ‘केवळ’ हा शब्द नेवाडातील पिरॅमिड सरोवरात बुडतो. त्या सरोवरातील अनाहो बेटावर गुरे कधीच चरली नाहीत, तरी तेथे आज परदेशातून आलेल्या चीटग्राससारख्या एकवर्षायू वनस्पतींचेच राज्य आहे.

दुसरा भाग, ‘गवत आपोआप परत येते’, हा दाव्याचा कणा आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे. चीटग्रास हे युरेशियातले गवत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रदेशात शिरले आणि १९३० च्या सुमारास बहुतेक सर्वत्र पोहोचले होते. ते शरद ऋतूत उगवते, थंडीत मुळे खाली सोडते आणि वसंतात स्थानिक गवते जागी होईपर्यंत वरच्या थरातला ओलावा पिऊन बसते. मेच्या सुमारास त्याची पाती तांबूस-जांभळी होतात, काही आठवड्यांतच ती पिवळी पडून वाळतात आणि कुसळे चालणाऱ्याच्या मोज्यांत रुतून पुढच्या माळावर जातात. बारमाही गवत अजून हिरवे असते तेव्हा हे गवत पेटायला तयार असते, आणि विरळ झुबक्यांमधल्या ज्या मोकळ्या जागांत पूर्वी आग अडत असे, त्याही ते भरून टाकते. जेथे पूर्वी दोन वणव्यांमध्ये अनेक दशके, काही ठिकाणी शतकाहूनही अधिक काळ जात असे, तेथे आता काही भागांत दहा वर्षेही जात नाहीत.

सेजब्रशची अडचण येथेच आहे. मोठे सेजब्रश जळाले की बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. त्याचे बी बारीक असते, मातीत फार काळ जिवंत राहत नाही आणि बहुतेक बी झुडपापासून काही मीटरांतच पडते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-ओरेगन सीमेवर सोडा नावाच्या वणव्यात सुमारे २ लाख ८० हजार एकर जळाले. एवढ्या क्षेत्राच्या मध्यभागी बी आपल्या पायांनी पोहोचेल, असे मानायला काहीच आधार नाही. तेथे तणनाशक मारावे लागले, स्थानिक आणि इतर गवतांचे बी पेरावे लागले आणि आग अडवणारे पट्टे काढावे लागले. अशी पेरणीसुद्धा कोरड्या वर्षी वाया जाते, हे मान्य करायला हवे. पण त्यावरून हात न लावणे शहाणपणाचे ठरत नाही.

दाव्याला सर्वांत अडचणीचा पुरावा ओरेगनमधील बर्न्सजवळच्या प्रयोगक्षेत्रातून येतो. तेथे काही तुकड्यांतून १९३६ पासून गुरे बाहेर ठेवली होती, शेजारच्या तुकड्यांत मध्यम चराई चालू होती, आणि १९९३ मध्ये दोन्ही जाळून पाहण्यात आल्या. आगीनंतरच्या वर्षांत चीटग्रास जास्त माजले ते न चरलेल्या तुकड्यांत. झुबक्यांवर साठलेल्या वाळक्या पाल्यामुळे आग मुळांपाशी अधिक तापली आणि जुनी गवते मेली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. रँचमालकांच्या, म्हणजे मोठ्या जमिनीवर गुरे पाळणाऱ्यांच्या, बाजूचे लोक हाच प्रयोग ‘जितकी गुरे तितके चांगले’ या अर्थाने मिरवतात, आणि तोही तितकाच गैरवापर आहे. प्रयोग मध्यम चराईचा होता; दुष्काळी वर्षी ऐन वाढीच्या दिवसांत झुबके मुळापर्यंत खाऊ देण्याचा नव्हता.

शास्त्रीय बाजूही सांगायला हवी. चराई थांबली की जमीन पायरी-पायरीने मूळ स्थितीकडे परतते, ही समजूत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वनस्पतिशास्त्रातून आली. कोरड्या कुरणांत तसे घडत नाही, तेथे जमीन एका स्थितीतून दुसरीत जाते आणि मधला उंबरठा ओलांडला की कारण दूर केल्यानेच परत येत नाही, अशी मांडणी वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेअर यांनी १९८९ मध्ये केली. समाजमाध्यमांवरचा दावा त्याआधीच्याच समजुतीवर उभा आहे.

तिसरा भाग: ‘झाडे वाढली म्हणजे निसर्ग परतला.’ सेज ग्राउस हा जमिनीवर घरटे करणारा पक्षी हिवाळ्यात जवळजवळ केवळ सेजब्रशची पाने खाऊन जगतो आणि उंच झाडांपासून दूर राहतो, कारण त्यांवर शिकारी पक्षी बसतात. माळावर जुनिपर या सदाहरित झाडाचे आच्छादन चार-पाच टक्क्यांवर गेले की नरांची नाचण्याची मैदाने ओस पडतात, असे ओरेगनमधील अभ्यासात आढळले. माळढोकाच्या माळरानावर वृक्षारोपण होताना पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. अर्थात खडकाळ जागी शतकानुशतके उभे असलेले जुने जुनिपरही सरसकट तोडणे हा उलट टोकाचा अविचार होईल. पिनयन जे हा पक्षी तर जुनिपरसोबत वाढणाऱ्या पिनयन पाइन या झाडाच्या बियांवर मुख्यतः जगतो आणि त्याची संख्या घटते आहे.

ओढ्यांबाबत मात्र दावा बराचसा खरा आहे. ओरेगनच्या हार्ट माउंटन अभयारण्यातून १९९० च्या दशकाच्या आरंभी गुरे काढली, आणि दोन दशकांनंतर त्याच जागांवरून घेतलेल्या छायाचित्रांत विलो आणि अ‍ॅस्पेन ही झाडे वाढलेली व उघडी माती घटलेली दिसली. ओलाव्याच्या जागी मुळे जिवंत असतात, म्हणून तेथे विश्रांती पुरते. तरीही नेवाडातील एल्कोजवळच्या सूझी आणि मॅगी या ओढ्यांवर गुरे कायमची न हटवता चराईचा हंगाम आणि मुक्काम बदलला, तरी काठ हिरवे झाले आणि ओढ्यावर बांध घालणारे बीव्हर हे प्राणी परतले. ओढ्याचे छायाचित्र दाखवून कोरड्या माळाविषयी निष्कर्ष काढणे, ही दाव्यातली खरी हातचलाखी आहे.

गुरांच्या जागी मोकाट घोडे हा ‘नैसर्गिक’ पर्याय आहे, ही पुरवणी थोडक्यात निकालात काढता येते. १९७१ च्या कायद्याने संरक्षित झालेले घोडे आणि गाढवे मिळून सरकारने ठरवलेली मर्यादा सुमारे २६ हजार आहे, तर २०२० मधील अंदाज ९५ हजारांच्या आसपास होता. गुरे परवान्यातला चराईचा हंगाम संपला की हलवतात. घोडे झऱ्यावर बारा महिने असतात.

‘कुंपण घाला’ हा सल्लाही निरुपद्रवी नाही. प्रॉन्गहॉर्न हे वेगाने धावणारे जनावर कुंपणावरून सहसा उडी मारत नाही, खालून सरपटते. खालची काटेरी तार जमिनीलगत असेल तर पाठीचे केस तिला अडकलेले दिसतात, नाहीतर जनावर तेथेच अडते. म्हणून खालची तार बिनकाट्याची ठेवून जमिनीपासून किमान १६ इंच उचलतात, आणि सेज ग्राउसच्या मैदानांजवळ तारांवर पांढऱ्या खुणा लावतात, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात हे पक्षी तारांवर आदळून मरतात.

आणखी एक गोष्ट दाव्यात येतच नाही. भूव्यवस्थापन ब्युरो या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ताब्यात सुमारे २४.५ कोटी एकर जमीन असली, तरी पाण्याकाठच्या चांगल्या जमिनी पहिल्या वसाहतवाल्यांनी घेतल्या आणि त्या आजही बहुतांशी खासगी आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस माळ वाळतो तेव्हा ग्राउसची मादी पिलांना घेऊन याच ओल्या कुरणांवर किड्यांसाठी येते. ज्या रँचचा सरकारी चराईचा परवाना गेला, त्याला पाण्याकाठची जमीन सांभाळणे अनेकदा परवडत नाही आणि ती घरांच्या भूखंडांसाठी विकण्याचा मोह वाढतो. म्हणून परवाना रद्द करण्याची मागणी करणाऱ्याने त्या ओल्या कुरणाच्या संवर्धन-कराराचे, म्हणजे ते घरांसाठी न विकण्याच्या बदल्यात मालकाला द्यायच्या मोबदल्याचे, पैसे कोठून येणार, हेही त्याच मागणीत लिहायला हवे.